न हसणाऱ्या मुलांबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मुलांच्या हट्टीपणावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे सदर मी बरीच वर्षं वाचते आहे आणि त्यातली मुलं तीनच गोष्टी करतात. हट्ट करतात, वेळेवर झोपत नाहीत आणि मोबाइल सोडत नाहीत. म्हणजे मोठ्या माणसांना ज्याचा जाच होतो तेवढंच छापून येतं. जे मूल कुणालाच त्रास देत नाही, फारसं रडत नाही, काही मागत नाही आणि हसतही नाही, त्याच्यावर चार ओळी आल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावावी लागली तर माझ्याबद्दलचा मजकूर उडवा, आयांबद्दलचा ठेवा.

मी पाळणाघर चालवते. सहा महिन्यांच्या बाळांपासून चार वर्षांच्या पोरांपर्यंत सगळे माझ्याकडे असतात. बालविकासाचा अभ्यासक्रम केला तेव्हापासून वाचनाची सवय लागली, ती सुटली नाही. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही आणि कुणी करावं असंही म्हणत नाही. पण एकाच वयाची मुलं एकाच वेळी, एकाच खोलीत, रोज बघायला मिळणं ही चैन डॉक्टरला नसते आणि आजीलाही नसते. आजीसमोर एकच नातवंड असतं. माझ्यासमोर डझनभर असतात, त्यामुळे कुणाचं काय कमी पडतंय ते आपोआप नजरेत येतं.

साबणाच्या फुग्यांचंच घ्या. मी फुंकर मारते, फुगे उडतात, आणि मग दोन-अडीच वर्षांच्या मुलांचं जे होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. किंचाळणं, धावणं, एकमेकांवर आदळणं, "अजून! ताई, अजून!" त्यात एखादं मूल भिंतीशी उभं असतं. घाबरलेलं नसतं, आजारी नसतं. फुगा तरंगत त्याच्याकडे येतो, मनगटावर टेकतो, फुटतो. ते मनगटाकडे बघतं, ओलं झालेलं फ्रॉकला नाहीतर चड्डीला पुसतं आणि तसंच उभं राहतं. हसरं मूल फुगा फोडला की लगेच वळून माझ्याकडे बघतं, मी पाहिलं की नाही याची खात्री करून घेतं. हे मूल वळत नाही. हसू न येण्यापेक्षा मला ते न वळणं जास्त खुपतं. आपल्या आनंदाला कुणी साक्षीदार असतो हे त्याच्या गावीच नसतं.

संध्याकाळी न्यायला आलेली माणसं म्हणतात, "याचा काही त्रास नसेल ना तुम्हाला? फार गुणी आहे." आणि खरंच त्रास नसतो. म्हणूनच तर कुणी बघत नाही.

इथे लगेच सांगायला हवं की प्रत्येक शांत मूल असं नसतं. काही मुलं स्वभावानंच बुजरी असतात. आधी आठ-पंधरा दिवस माझ्या ओढणीआडून जग बघतात आणि एकदा सैल झाली की सगळ्यांना पुरून उरतात. एखाद्याला नीट ऐकू येत नसतं, एखाद्याच्या अंगात रक्त कमी असतं, एखाद्या मुलात स्वमग्नता असते. कारणं पुष्कळ असू शकतात आणि ती तपासणं डॉक्टरचं काम. पण अशा मुलांच्या आयांशी मी निवांत बोलत गेले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, आणि ती मुलाबद्दल नव्हती. आईला बाळंतपणानंतर, कधी त्याच्याही आधीपासून, नैराश्य होतं. कुणाला निदान झालेलं, बहुतेकींना नाही.

ही फुग्यांची गंमत मी शोधलेली नाही. लहान मुलांचा स्वभाव मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत करायचे काही ठरलेले खेळ आहेत, त्यात साबणाचे फुगे आहेतच. दुसरा एक खेळ मला फार आवडतो. खाऊच्या दिसणाऱ्या डब्यात स्प्रिंगचे साप भरलेले असतात, झाकण उघडलं की उसळून बाहेर येतात. आधी मुलाला ते गुपित दाखवतात आणि मग त्याच्याकडूनच आईला फसवायला लावतात. आईला फसवताना पोराच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते टिपून घेतात. डॅनियल क्लाइन, एमिली डर्बिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत जाण्याआधीच्या वयातल्या मुलांवर केलेलं अशा तऱ्हेचं काम २००५ साली प्रसिद्ध झालं. ज्या आयांना नैराश्य होऊन गेलं होतं त्यांच्या मुलांमध्ये हा उत्साह, हे खुलणं कमी आढळलं.

आपली गफलत होते ती इथेच. आपण समजतो की मूल रडत नाही म्हणजे ते मजेत आहे. या क्षेत्रात काम करणारे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. दुःख, राग, भीती यांचा एक हिशेब आणि आनंद, कुतूहल, उत्साह यांचा दुसरा. एखादं मूल भरपूर रडतं आणि भरपूर खिदळतंही. दुसरं दोन्ही करत नाही. पहिल्याला घेऊन लोक दवाखान्यात धावतात, दुसऱ्याचं कौतुक करतात.

आता हे आईच्या नैराश्याशी कसं जोडलं जातं ते सांगते. बाळ साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झालं की समोरच्या चेहऱ्याकडे बघून हसतं. त्याआधीही हसतं, पण ते झोपेतलं, कुणासाठी नसलेलं. तीन-चार महिन्यांचं झालं की खळखळून आवाज काढतं. आणि हे सगळं त्याला एकट्याला जमत नाही. बाळाचा आनंद दोन माणसांत मिळून तयार होतो. बाळ ओठ हलवतं, आई भुवया उंचावते. बाळ 'आऽ' करतं, आई तोच 'आऽ' जरा वर चढवून परत करते. बाळाला त्यात मजा येते, ते पाय झाडतं, ते बघून आईला हसू फुटतं, आईचं हसू बघून बाळ आणखी चेकाळतं. 'कुठे गेलं बाळ? भॉक!' हा खेळ त्याचीच पुढची पायरी. त्यात गंमत 'भॉक'ची नसते, त्याच्या आधीच्या त्या अर्ध्या क्षणाची असते. आता काहीतरी छान होणार आहे, हे बाळ तिथे शिकतं. पुढच्या आयुष्यात कशाची तरी वाट बघण्यात जे सुख असतं त्याची सुरुवात इथेच कुठेतरी होत असावी, असं आपलं माझं मत.

हा दोघांचा खेळ मध्येच थांबवला तर काय होतं, ते एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात करून दाखवलं. १९७८ साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. आई आधी बाळाशी नेहमीसारखं खेळते. मग सांगितल्याप्रमाणे ती काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळासमोरच बसलेली, बाळाकडेच बघत असलेली, पण चेहऱ्यावर काही नाही. बाळाला कळायला वेळ लागत नाही. आधी ते हसून बघतं, कारण आजवर हसून काम झालेलं असतं. मग आवाज काढतं, हात पुढे करतं, अंग वाकवतं, आईला परत आणण्याचे आपल्याला येतात तेवढे सगळे उपाय करतं. कशाचाच उपयोग होत नाही म्हटल्यावर नजर वळवतं, मान टाकतं, स्वतःचाच हात चोखत बसतं. आई परत हसायला लागली तरी ते लगेच पूर्ववत होत नाही. थोडा वेळ जरा सावधच असतं.

पुढे १९८३ साली जेफ्री कोन आणि ट्रॉनिक यांनी आयांना आणखी एक नाटक करायला सांगितलं. निर्विकार नाही, उदास व्हायचं. सपाट आवाजात बोलायचं, फारसं हलायचं नाही, बाळाला कमी हात लावायचा. फक्त तीन मिनिटं. तेवढ्यानंही तीन महिन्यांच्या बाळांचं हसणं आटलं, कुरकुर वाढली, नजर चुकवणं वाढलं.

एक सांगून ठेवते, कारण हा प्रयोग वाचला की काहींना तेवढंच सुचतं. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या आईला झोडायला हा प्रयोग वापरू नका. रोज सगळ्या आया कधी ना कधी दुसरीकडे बघत असतात, आणि बघायलाच पाहिजे. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणाप्रमाणे अगदी छान चाललेल्या मायलेकरांतही दोघांचा सूर जेमतेम तीस टक्के वेळ जुळलेला असतो. बाकीचा वेळ चुकामूक आणि मग पुन्हा जुळवून घेणं. बाळ त्या जुळवून घेण्यातूनच शिकतं की बिघडलेलं नीट होतं. नैराश्यात चुकामूक जास्त होते हा अर्धा भाग झाला. जुळवून घ्यायला लागणारी ताकद आईकडे उरलेली नसते, हा दुसरा आणि जास्त महत्त्वाचा भाग.

नैराश्य म्हटलं की लोकांना कोपऱ्यात बसून रडणारी बाई दिसते. माझ्याकडे येणाऱ्या आया रडत नाहीत. वेळेवर येतात, पिशवीत कपड्यांचा जादा जोड असतो, औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते. एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा दीड वर्षाचा. ती न्यायला आली की तो आपला बूट उचलायचा, तिच्या कानाला लावायचा आणि म्हणायचा, "आलो?" म्हणजे हॅलो. ती बूट हातातून घ्यायची, त्याच्या पायात घालायची, पट्टा लावायची आणि उठायची. यात चुकीचं काय केलं तिनं? काहीच नाही. बूट घालायचेच होते. पण तो बुटाचा फोन त्यानं बरेच दिवस रोज केला, मग अधूनमधून केला आणि मग बूट बघितला की स्वतःहून पाय पुढे करायला लागला. मुलगा किती समंजस झालाय, असं तिच्यासोबत आलेल्या बाईंनी मला कौतुकानं सांगितलं.

तिच्याशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "तो काय करतोय ते मला कळतं हो ताई. सगळं कळतं. पण माझ्या चेहऱ्यापर्यंत काही पोचतच नाही." नैराश्याचं याहून नेमकं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही.

सगळ्या अशा नसतात. काहींचं उलट होतं. बाळाला सतत हलवणं, उगाच गुदगुल्या, खुळखुळा अगदी नाकासमोर, बाळानं तोंड फिरवलं तर तिकडे जाऊन परत तेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती खेळवते बाळाला! पण बाळ काय सांगतंय ते तिच्यापर्यंत जात नसतं. अभ्यासकांनी हे दोन्ही प्रकार नोंदवले आहेत, मिटून गेलेल्या आया आणि घुसत राहणाऱ्या आया. दोन्हींत बाळाच्या वाट्याला एकच येतं. आपण काही केलं म्हणून समोर काही घडलं, हा अनुभव मिळत नाही. आवाजाचंही तेच. बाळाशी बोलताना आपला आवाज आपसूक वरखाली होतो, लाडिक होतो. नैराश्यात तो सपाट पडतो, आणि सपाट आवाजाकडे बाळाचं लक्ष टिकत नाही.

बाळ एक वर्षाचं झालं की आईच्या चेहऱ्याचं काम आणखी वाढतं. १९८५ सालचा एक प्रयोग आहे. टेबलाच्या मध्यापुढे काच, काचेखाली थोडा खड्डा दिसेल अशी रचना. पलीकडे आई उभी. वर्षाची मुलं रांगत कडेपर्यंत येतात, थबकतात आणि आईच्या तोंडाकडे बघतात. आई हसतमुख असली तेव्हा १९ पैकी १४ मुलं पार गेली. आईनं भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. त्या प्रयोगात नैराश्याचा संबंध नव्हता. पण मी तो वाचला तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की त्या चेहऱ्यावर काहीच नसेल तर? जा पण नाही आणि थांब पण नाही. अशा मुलानं करावं काय? माझा अंदाज असा, की ते अलीकडेच बसून राहतं, आणि रोज बसून राहिलं की पलीकडे जाण्यासारखं काही आहे हेच विसरतं. आनंद म्हणजे नुसती मौज असती तर मी एवढं लिहिलं नसतं. नवी वस्तू उलटीपालटी करून बघणं, दुसऱ्या मुलाजवळ जाऊन बसणं, पडल्यावर परत चढणं, हे सगळं मूल त्या हुरुपावर करतं. लहानपणी हा हुरूप फार कमी असणं ही पुढे नैराश्याकडे झुकण्याची एक खूण असू शकते, म्हणूनच अभ्यासक त्याच्या मागे लागले आहेत.

मेंदूतही याचा माग दिसतो. जेराल्डीन डॉसन यांनी नव्वदच्या दशकात साधारण सव्वा वर्षाच्या मुलांच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेतली. मेंदूच्या पुढच्या भागातली डावी बाजू आनंद, ओढ, पुढे सरसावणं यांच्याशी जोडली जाते. आईला नैराश्य असलेल्या मुलांमध्ये त्या बाजूची हालचाल तुलनेनं कमी दिसली. हे वाचून घाबरून जाऊ नये. इतक्या लहान वयात मेंदू घडत असतो, आणि जे घडत असतं ते वळवताही येतं. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. आई आणि मूल यांच्यात चेहऱ्याइतकंच रक्ताचंही नातं आहे, त्यामुळे सगळं खापर आईच्या वागण्यावर फोडणं शास्त्रालाही धरून नाही. शिवाय पुष्कळ मुलं आईच्या आजारपणातही छान खुलतात.

का खुलतात, याचं एक उत्तर माझ्या धंद्याशी संबंधित आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. टिफनी फील्ड यांच्या गटानं १९८८ साली दाखवलं की नैराश्य असलेल्या आयांची काही महिन्यांची बाळं अनोळखी, हसऱ्या बाईसमोरही मलूलच राहतात. म्हणजे ती उदासी बाळ सोबत घेऊन फिरतं. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, संपलं, आपण काय करणार? पण त्याच गटाचं १९९४ सालचं काम पुढे हाती लागलं. तिथे हीच बाळं आपल्या पाळणाघरातल्या रोजच्या बाईंबरोबर जास्त खुललेली दिसली. नैराश्य नसलेल्या वडिलांबरोबरही तसंच. फरक बघा. परक्याचं हसू कामाला आलं नाही, रोजच्या माणसाचं आलं. बाळाला हसरा चेहरा पुरत नाही, सवयीचा हसरा चेहरा लागतो. म्हणून कुणी नातेवाईक पाहुणे म्हणून येऊन दोन दिवस बाळाला भरपूर खेळवून गेले तर त्याचा फार उपयोग नसतो. वडिलांनी रोज ठरावीक वेळी अर्धा तास बाळासमोर पालथं पडून वेडेवाकडे आवाज काढले तर असतो. वडिलांना जमत नसेल तर त्यांचंही कुणीतरी बघायला हवं. बाळ झाल्यावर वडिलांनाही नैराश्य येतं, साधारण दहातल्या एकाला. त्याबद्दल तर आपल्याकडे सगळाच आनंदीआनंद आहे.

पाळणाघरांच्या संचालिकांना माझी एक विनंती आहे. मूल सारखं इकडून तिकडे हलवू नका. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, या ताईकडून त्या ताईकडे, वय वाढलं म्हणून हलवताना निदान या शांत मुलांचा अपवाद करा. दंगेखोर मूल कुणाकडेही गेलं तरी स्वतःची जागा करून घेतं.

आणि मुख्य मुद्दा, ज्यासाठी आपला वेळ घेतला. बाळाला लसीकरणाला नेतात. वजन होतं, उंची होते, डोक्याचा घेर मोजला जातो, सुई टोचली जाते, पुढची तारीख मिळते. बाळाला कडेवर घेऊन उभी असलेली बाई त्या खोलीत कुणाला दिसतच नाही. तिला विचारायचं काय, यासाठी नव्यानं डोकं खाजवायची गरज नाही. जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दहा प्रश्नांची एक यादी तयार केली, एडिनबरा मोजपट्टी या नावानं ती जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं, एवढंच त्यात विचारलेलं असतं. पाच-दहा मिनिटांत होते. त्यातला पहिला प्रश्न रडण्याचा नाही, झोपेचा नाही. तुम्हाला हसता येतंय का, गोष्टींतली गंमत दिसतेय का, असा आहे. दुसरा, पुढे येणाऱ्या गोष्टींची तुम्ही आनंदानं वाट बघता का. तिसऱ्यापासून पुढे दोष, काळजी, भीती, झोप, रडू येतात. म्हणजे ज्यांनी ही यादी केली त्यांनाही आधी आनंदच तपासावासा वाटला. आणि बाळाचं काय हरपतं? नेमकं तेच.

यादीवरून निदान होत नाही, पुढे तज्ज्ञाकडे जायचं की नाही तेवढं कळतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे फार जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं तर वाट बघत बसू नये. थायरॉइडचा त्रास नाही ना, रक्त कमी नाही ना, हेही बघून घ्यावं लागतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला औषधं चालतच नाहीत हा समज चुकीचा आहे. काही औषधं डॉक्टर विचार करून देतात. फक्त आपल्या मनानं घ्यायची नाहीत आणि आपल्या मनानं थांबवायचीही नाहीत. यादीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'हो' असेल, किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि तोवर त्या बाईला एकटं ठेवायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य सर्वांत जास्त. विकसनशील देशांत हेच प्रमाण १९.८ टक्के. म्हणजे लसीकरणाच्या रांगेत बाळ घेऊन पाच जणी उभ्या असतील तर त्यातल्या एकीला हा प्रश्न विचारण्याचा उपयोग होणार.

उपचारानं मुलाला फरक पडतो का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मोठ्या मुलांच्या बाबतीत तरी पुरावा आहे. मर्ना वाइसमन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात नैराश्यावर औषध घेणाऱ्या आयांची ७ ते १७ वर्षांची मुलं पाहिली गेली. ज्यांना आधीपासून काही मानसिक आजार होता अशा मुलांपैकी, आई तीन महिन्यांत बरी झालेल्या घरात ३३ टक्के मुलं बरी झाली. आई बरी न झालेल्या घरात १२ टक्के. मुलांना कुठलंही नवीन औषध या अभ्यासानं दिलेलं नव्हतं. तज्ज्ञ कमी असतील तिथेही हात बांधलेले नाहीत. अतीफ रहमान यांनी पाकिस्तानातल्या खेड्यांत घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांनाच नैराश्य असलेल्या आयांशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण दिलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा अशा भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं, न मिळालेल्यांपैकी ५३ टक्क्यांना. हे काम २००८ साली प्रसिद्ध झालं. त्या कार्यकर्त्या मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. २००७ सालच्या एका अभ्यासात आयांचं नैराश्य उपचारानं कमी झालं, पण बाळाशी असलेलं नातं तेवढ्यानं आपोआप सुधारलं नाही. मला यात नवल वाटत नाही. दोघांचाही खेळ मोडलेला असतो. बाळानं हात पुढे करणं सोडून दिलेलं असतं, आणि आईला वाटतं याला मी नकोच आहे. तेव्हा खेळ नव्यानं बसवावा लागतो. काही ठिकाणी मायलेकरांचा थोड्या मिनिटांचा व्हिडिओ काढून तो आईलाच दाखवतात आणि बाळानं तिला प्रतिसाद दिलेला क्षण थांबवून म्हणतात, हे बघा, इथे बाळ तुमच्याकडे बघून हसलं. माझ्याकडे कॅमेरा नाही. मी संध्याकाळी दारात, मुलासमोर, आईला त्या दिवशीची एकच गंमत सांगते. "आज यानं माझा चष्मा स्वतःला लावला आणि आरशात बघून ओरडला." सूचना नाही, सल्ला नाही. आई कधी ओठ हलवते, कधी नुसतं 'हं' म्हणते. मूल मात्र दर वेळी तिच्या तोंडाकडे बघतं.

तो बुटाचा फोन करणारा मुलगा आता माझ्याकडे नाही, मोठा झाला. त्याच्या आईनं उपचार घेतले, सुरुवातीला आडवेढे घेत, मग नियमित. लगेच काही झालं नाही. एकदा मधेच गोळ्या सोडल्या, परत सुरू केल्या. साप डब्यातून उसळावा तसं हसू काही कुणाच्या चेहऱ्यावर उसळत नसतं. आधी तिच्या बोलण्याचा वेग वाढला. मग ती त्याच्याशी चढाओढीनं जांभया द्यायला लागली. तो खेळ तिनंच काढला होता आणि त्याला फार आवडला.

तर माझं मागणं असं. पुढच्या एखाद्या रविवारी हे सदर मुलांच्या हट्टाऐवजी त्यांच्या आयांना द्या. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून आणि बालरोगतज्ज्ञाकडून मिळून लिहून घ्या, ते दहा प्रश्न मराठीत कुठे मिळतात आणि कुणाकडे जाऊन भरायचे ते छापा. सोबत फोटो टाकाल तर खिदळणाऱ्या बाळाचा नको. बाळांच्या प्रत्येक लेखावर तोच असतो, आणि जिचं बाळ हसत नाही ती बाई तो बघून पान उलटते. माझं नाव आणि गाव छापू नये. इथे लिहिलेल्या आया वाचक आहेत, आणि दोघी-तिघी आपलाच पेपर घेतात.

आपली,
पाळणाघर चालवणारी एक वाचक